दुर्बिणीतून की पोट उघडून? पित्ताशय काढताना खरं काय ठरवायचं असतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच कळेल. आईंचं वय ६२, मधुमेह आहे. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या बरगडीखाली जोरात दुखलं, ताप आला, ॲडमिट करून सलाईनमधून अँटिबायोटिक्स दिली. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे आणि जाड झालेली भिंत दिसली. त्रास थांबल्यावर घरी सोडलं आणि सहा आठवडे होऊ द्या, मग दुर्बिणीतून ऑपरेशन करू, असं सर्जननी सांगितलं. पण संमतीपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडून’ अशी ओळ आहे आणि ती वाचल्यापासून तुम्हाला झोप नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की सरळ उघडूनच करून घ्या, डोळ्यांना सगळं नीट दिसतं. तुम्ही विचारलंय: उघडावं लागण्याची शक्यता आहेच, तर मग आधीच का उघडू नये? आणि नुसते खडे काढून पित्ताशय तसंच ठेवता येत नाही का?

मी आईंना तपासलेलं नाही, रिपोर्टही पाहिलेले नाहीत. त्यामुळे ‘हे करा’ असं सांगणार नाही. पण या निर्णयामागे सर्जन कसा विचार करतो ते सांगता येईल, कारण माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

दुसरा प्रश्न आधी उरकते. खडे तयार होतात ते पित्ताशयातच. ते काढून पित्ताशय ठेवलं तर खडे पुन्हा होतात. विरघळवण्याच्या गोळ्या आहेत, पण त्या लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर आणि नीट काम करणाऱ्या पित्ताशयातच थोड्याफार चालतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे परत येऊ शकतात. सूज येऊन भिंत जाड झालेल्या पित्ताशयात त्यांचा उपयोग नाही. सोनोग्राफीत सहज सापडलेले, कधीही न दुखलेले खडे असते तर मी बहुधा ‘ऑपरेशन नको, लक्ष ठेवा’ म्हटलं असतं. ताप येऊन ॲडमिट व्हावं लागलं, तिथे ती मुभा संपते. पित्ताशयावाचून शरीराचं अडत नाही. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, पित्ताशयात त्यातलं ३० ते ५० मिलीलिटर साठतं. साठवण गेली की पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. काहींना सुरुवातीचे काही आठवडे शौचाला पातळ होतं, बहुतेकांचं ते आपोआप थांबतं.

आता मुख्य गोष्ट. दुर्बिणीतून केलं काय किंवा उघडून केलं काय, आत जे करायचं ते एकच असतं. पित्ताशयाला एक नळी आणि एक रक्तवाहिनी असते. ती दोन्ही ओळखायची, बंद करायची, कापायची आणि मग पित्ताशय यकृतापासून सोडवायचं. फरक फक्त तिथवर पोहोचायच्या वाटेत आहे. म्हणून ‘कोणती पद्धत चांगली’ यापेक्षा ‘या रुग्णाच्या पोटात ती नळी आणि ती रक्तवाहिनी कोणत्या वाटेने खात्रीने ओळखता येईल’ हा खरा प्रश्न आहे. त्याचं पूर्ण उत्तर आत गेल्याशिवाय कोणालाच देता येत नाही. संमतीपत्रातली ती ओळ त्यासाठीच असते.

उघड्या ऑपरेशनमध्ये उजव्या बरगडीच्या कडेला समांतर, साधारण १० ते २० सेंटीमीटरची चीर घेतात आणि खालचे स्नायू कापून आत जातात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बहुधा चार छिद्रं असतात: एक नाभीजवळ, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजव्या बाजूला, प्रत्येक अर्धा ते एक सेंटीमीटर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, त्याचा दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. नाभीतून कॅमेरा जातो, बाकीच्या छिद्रांतून अवजारं.

‘उघडल्यावर नीट दिसतं’ हे तुमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं ऐकायला पटतं, पण टेबलापाशी उभं राहिलं की तसा अनुभव येत नाही. पित्ताशयाची मान यकृताच्या खाली खोलवर असते. उघड्या ऑपरेशनमध्ये सहाय्यक यकृत वर उचलून धरतो, दुसरा हात आतडी खाली दाबतो आणि आपण वरून एका खोल खड्ड्यात वाकून बघतो. कॅमेरा त्या जागेच्या अगदी जवळ जातो, प्रकाश घेऊन जातो आणि पडद्यावर सगळं कितीतरी मोठं दिसतं. उघडल्यावर जास्त मिळतो तो स्पर्श. नळीत अडकलेला खडा बोटाला लागतो, रक्तवाहिनीचा ठोका जाणवतो, सुजलेले थर बोटाने हळूच सुटे करता येतात, रक्तस्राव झाला तर लगेच हाताने दाबून धरता येतो. अवघड पित्ताशयात याची किंमत मोठी असते, आणि आम्ही उघडतो ते मुख्यतः याचसाठी.

‘सरळ उघडूनच करून घ्या’ हा सल्ला कुठून येतो तेही समजून घ्या. पित्ताशय काढायचं पहिलं यशस्वी ऑपरेशन बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केलं आणि त्यानंतर शंभर वर्षं उघडं ऑपरेशन हीच एकमेव वाट होती. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढलं. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये लिऑं इथे फिलिप मुरे यांनी ते केलं आणि तिथून मात्र ही पद्धत काही वर्षांत जगभर पसरली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने बहुतेक रुग्णांसाठी ती योग्य असल्याचं मान्य केलं. पण इतक्या घाईने पसरल्याची किंमतही मोजावी लागली. शिकाऊ हातांच्या त्या वर्षांत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण वाढलं. त्या काळात ज्यांनी आजूबाजूला अशी उदाहरणं ऐकली, त्यांच्या मनातली भीती निराधार नाही.

ही इजा नीट समजून घ्या, कारण या ऑपरेशनमध्ये मला खरी धास्ती असते ती हिचीच. पित्ताशयाची नळी पुढे मुख्य पित्तनलिकेला मिळते. ही मुख्य नलिका यकृतातलं सगळं पित्त आतड्यात नेते. पित्ताशयाच्या नळीवाचून चालतं, हिच्यावाचून चालत नाही. सूज आली की दोन्ही एकमेकींना चिकटतात. पित्ताशय वर ओढलं की मुख्य नलिकाही वर खेचली जाते आणि अगदी पित्ताशयाच्या नळीसारखीच दिसू लागते. तिलाच क्लिप लावून कापलं, तर पुढे कावीळ, पोटात पित्त साठणं, मोठी दुरुस्तीची शस्त्रक्रिया आणि कधीकधी वर्षानुवर्षांचं दुखणं मागे लागतं. उघड्या ऑपरेशनमध्ये हे साधारण हजारात एक-दोघांना होतं. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात हे प्रमाण हजारात चार-पाचपर्यंत गेलं होतं. आता बऱ्याच ठिकाणी ते खाली येऊन हजारात तीनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी झालं आहे.

ते खाली आलं यामागे एका शिस्तीचा मोठा हात आहे. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. काहीही कापण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांना दिसल्याच पाहिजेत. पित्ताशयाची नळी, यकृत आणि मुख्य नलिका यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ झालेले हवेत. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला हवा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, म्हणजे नळी आणि रक्तवाहिनी, दिसायला हव्यात, तिसरी नाही. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये या टप्प्यावर हात थांबतात. मी पित्ताशयाची मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे वळवून पुढून-मागून दोन्ही बाजू दाखवते, त्या दोघींच्या मधल्या खिडकीतून यकृत दिसतंय का ते बघते, आणि कॅमेरा धरणाऱ्या सहाय्यकाला, मग तो कितीही नवखा असो, मोठ्याने सांगायला लावते की त्याला काय काय दिसतंय. त्याला तिसरी गोष्ट दिसली, किंवा तो नुसता अडखळला, तरी क्लिप लागत नाही.

आणि ते दृश्य मिळालंच नाही तर? तिथे सर्जनची खरी परीक्षा असते. काही वेळा नळीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून एक्स-रे काढतात किंवा पित्तमार्ग उजळून दाखवणारा रंग शिरेतून देतात. काही वेळा पित्ताशयाचा बराचसा भाग काढून, आतले खडे साफ करून, धोक्याच्या त्रिकोणाला हात न लावता मानेचा थोडा भाग मागे ठेवतात आणि ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवून बाहेर येतात. आणि काही वेळा पोट उघडतात. यातलं कोणतंही चालेल. न दिसता पुढे जाणं तेवढं चालत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा हिशोब मांडू. सूज न आलेल्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनांत दुर्बिणीतून सुरू करून उघडावं लागण्याची वेळ साधारण शंभरात पाचांवर किंवा त्याहून कमी जणांवर येते. सूज येऊन गेलेल्या, भिंत जाड असलेल्या पित्ताशयात हे प्रमाण वाढतं. रुग्ण आणि सर्जन कोण यावर ते अवलंबून असतं, पण शंभरात दहा-पंधरा धरा. म्हणजे आईंसारख्या शंभर जणींना आपण थेट उघडलं, तर पंच्याऐंशी जणींच्या पोटावर विनाकारण मोठी चीर येईल. उलट, दुर्बिणीतून सुरुवात करून उघडावं लागलं तर त्या पंधरा जणींचं काय जातं? ऑपरेशनचा थोडा वेळ वाढतो आणि चार छोटी छिद्रं जास्तीची पडतात. वेळेवर उघडलं तर याहून मोठं नुकसान सहसा होत नाही. ‘उघडावं लागू शकतं’ म्हणून आधीच उघडणं मला पटत नाही, ते या हिशोबामुळे.

त्या मोठ्या चिरेची किंमत आईंच्या वयात आणि मधुमेहात आणखी वाढते. ‘जखम मोठी दिसते’ एवढीच तिची अडचण नाही. बरगडीखालची चीर प्रत्येक खोल श्वासाला दुखते. मग माणूस वरवर श्वास घेतो, खोकायचं टाळतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. मधुमेहात जखमेत पू होण्याचा धोका जास्त, आणि जखम जेवढी मोठी तेवढा तो वाढतो. पुढे जखमेच्या जागी हर्निया होण्याची शक्यताही मोठ्या चिरेत अधिक. दुर्बिणीनंतर बहुतेक जण त्याच दिवशी उठून चालतात, एक-दोन दिवसांत घरी जातात आणि एक-दोन आठवड्यांत नेहमीच्या कामाला लागतात. उघड्यानंतर तीन ते पाच दिवस रुग्णालयात आणि पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे धरावे लागतात. दुर्बिणीनंतर उजवा खांदा दुखू लागला तर घाबरू नका. उरलेल्या गॅसने श्वासपटल चुरचुरतं आणि ते खांद्याला जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं.

तरी दुर्बिणीची बाजू घेताना एक गोष्ट लपवणार नाही. तुलनात्मक चाचण्या एकत्र करून २००६ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. त्यात मृत्यू आणि एकूण गुंतागुंती यांत दोन पद्धतींमध्ये ठळक फरक आढळला नाही. दुर्बिणीचा फायदा लवकर घरी जाण्यात आणि लवकर बरं होण्यात दिसला. त्याआधी १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे २०० रुग्णांवर एक चाचणी झाली होती. एका गटाला दुर्बिणीतून आणि दुसऱ्याला अगदी लहान चिरेतून ऑपरेशन. दोन्ही गटांना बाहेरून सारख्याच पट्ट्या लावल्या, म्हणजे कोणाचं काय झालंय ते रुग्णाला आणि नर्सला कळू नये. घरी जायला आणि कामावर परतायला दोघांना जवळपास सारखाच वेळ लागला. म्हणून एखाद्या सर्जनचा हात लहान चिरेत बसलेला असेल, तर त्याला कोणी मागासलेला म्हणू नये. पद्धतीच्या नावापेक्षा त्या पद्धतीत हात किती रुळलाय याला मी जास्त महत्त्व देते.

थेट उघडण्याचा निर्णय मीही घेते, पण त्याची कारणं ठोस असतात. पित्ताशयात कर्करोगाचा संशय असेल, हृदय किंवा फुप्फुसं इतकी कमजोर असतील की भूलतज्ज्ञ गॅसचा दाब नको म्हणतील, पोटाच्या वरच्या भागात आधी मोठ्या शस्त्रक्रिया होऊन सगळं चिकटलेलं असेल, किंवा मोठा खडा मुख्य नलिकेवरच रुतून बसला असेल, तर दुर्बिणीचा हट्ट धरत नाही. आईंचं सिझेरियन झालंय असं तुम्ही लिहिलंय. ते पोटाच्या खालच्या भागात असतं, इथे सहसा आड येत नाही. वजन जास्त असणं हेही उघडण्याचं कारण नाही. तिथे तर लहान छिद्रांचा फायदा जास्तच.

सहा आठवड्यांच्या मुदतीबद्दल तुमची चिडचिड दिसली. ‘एवढं दुखत होतं तेव्हाच का नाही केलं?’ प्रश्न रास्त आहे. आताचा कल लवकर करण्याकडेच आहे. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीन दिवसांत, फार तर आठवडा-दहा दिवसांत. त्या दिवसांत ऊतींना पाणी धरलेलं असतं आणि थर पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखे सुटतात. पण आईंची साखर तेव्हा किती होती, भूल देण्याजोगी तब्येत होती का, त्या किती उशिरा पोहोचल्या, हे मला माहीत नाही, म्हणून त्या निर्णयाला इथून नावं ठेवणार नाही. आज तिसऱ्या आठवड्यात मात्र घाई नको. या काळात चिकटलेले थर सर्वांत कडक असतात आणि हात लावला की रक्त येतं. सर्जननी सांगितलेली तारीख योग्य आहे.

मधल्या तीन आठवड्यांचा उपयोग करून घ्या. साखर आटोक्यात आणा आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. खोल श्वासाचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. यकृताच्या तपासण्या आणि मुख्य पित्तनलिकेची रुंदी रिपोर्टमध्ये आहे का ते बघा. नलिका फुगलेली असेल किंवा बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पित्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल, तर नलिकेतही खडा असू शकतो. तेव्हा एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घेतात आणि खडा सापडला तर बहुधा आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढतात. ही ईआरसीपी. पित्ताशयाचं ऑपरेशन मग त्यानंतर.

आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनशी दहा मिनिटं बसून बोला. नळी आणि रक्तवाहिनी स्पष्ट दिसली नाही तर तुम्ही काय करता, हे विचारा. ‘तसं होत नाही’ हे उत्तर मला आवडणार नाही. ‘थांबतो, दुसऱ्या सर्जनला बोलावतो, अर्धवट काढून बाहेर येतो, नाहीतर उघडतो’ असं उत्तर आलं तर तुम्ही योग्य माणसासमोर बसला आहात. अवघड पित्ताशय उघडून काढायचा अनुभव त्यांना किंवा त्यांच्या टीममधल्या कोणाला आहे का, हेही जरूर विचारा. हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण आज तो महत्त्वाचा आहे. बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून होत असल्यामुळे नव्या पिढीच्या सर्जनना उघडी ऑपरेशनं कमी करायला मिळतात, आणि उघडायची वेळ येते ती नेमकी सर्वांत कठीण पोटावर. नुसतं उघडल्याने सूज कमी होत नाही, तिथे सवयीचे हात लागतात. शेवटी त्यांना स्वच्छ शब्दांत सांगा: उघडावं लागलं तर उघडा, आमची तक्रार नसेल. नातेवाईक नाराज होतील या दडपणाखाली सर्जनने दुर्बिणीतूनच रेटत राहणं आईंच्या हिताचं नाही.

तारखेची वाट बघताना पुन्हा ताप आला, दुखणं चार-पाच तासांत थांबलं नाही, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद किंवा शौच पांढुरकं होऊ लागलं, किंवा दुखणं पाठीत जाऊन सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर सहा आठवडे विसरा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आधीच्यापेक्षा बरा जायला हवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं, पोट फुगलं, ताप चढला किंवा कावीळ दिसली, तर ‘टाके ओढत असतील’ म्हणून घरी थांबू नका. त्याच सर्जनकडे जाऊन रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. पित्त गळत असेल तर ते जितक्या लवकर कळेल तितकं सोप्या उपायात भागतं.